लव्हाळ्यातल्या गाठी

नकाशा टेबलावर मावत नव्हता. पाहणीसाहेबांनी त्याच्या एका कोपऱ्यावर पाण्याचा ग्लास ठेवला, दुसऱ्यावर चष्म्याचं घर, तिसऱ्यावर रबरी शिक्का, आणि चौथ्या कोपऱ्यासाठी तिला म्हणाले, "बाई, जरा हात ठेवा इथं."

तिनं हात ठेवला. लव्हाळ्यानं कापलेल्या बारीक रेघांचा हात, नखांच्या कडांतला चिखल धुऊनही न निघणारा. त्या हाताजवळ निळं पाणी पसरलेलं होतं. तिचंच तळं. लग्न होऊन आली तेव्हापासून बावीस वर्षं ती त्या पाण्यात कमरेइतकी उतरत होती, त्याच्या लव्हाळ्याच्या चटया विणत होती; पण असं वरून, घारीच्या डोळ्यानं, तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. पूर्वेच्या अंगाला तांबडे ठिपके होते, गुळाला मुंग्या लागाव्यात तसे. पश्चिमेचं अंग कोरं होतं.

"हे ठिपके म्हणजे तुमच्या काठ्या," साहेब म्हणाले. "एकशे चौदा काठ्या, एकशे चौदा घरटी. तळं राखणाऱ्या तुमच्याच मंडळींनी रोवलेल्या. आणि ही खाली सही कोणाची?"

"माझी."

"सुंदर अक्षर आहे." त्यांनी पेन्सिलीनं ठिपक्यांभोवती एक कुंपण काढलं. "काठ्या आहेत तिथं पक्षी आहेत, ते अंग राखीव. काठ्या नाहीत तिथं पक्षी नाहीत, ते अंग भरणीला मोकळं. गोदामं उभी राहायची आहेत. शुक्रवारी काम सुरू."

तिला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा कानांच्या पाळ्या तापल्या.

"साहेब, काठ्या पक्ष्यांसाठी नाहीत. विळ्यासाठी आहेत."

"म्हणजे?"

"आम्ही एका वर्षी पूर्व कापतो, एका वर्षी पश्चिम. यंदा पूर्वेची पाळी, पश्चिमेला विसावा. कापणाऱ्यांचा विळा घरट्यावर पडू नये म्हणून काठी. विसाव्याच्या अंगात विळा जातच नाही, तर तिथं सावध कोणाला करायचं? रस्ताच नाही तिथं 'हळू चालवा'ची पाटी कोण लावतं?"

"हे मोजणीच्या वेळी सांगायचं होतंत."

"तुम्ही विचारलं नाहीत. काठ्या किती, एवढंच विचारलंत."

"मी काय काय विचारणार, बाई?" साहेब थकल्यासारखे हसले. "हरकत असेल तर लिहून द्या. गुरुवारी दहाला येतो, अर्धा तास. पश्चिमेला घरटी दाखवा. दिसली तर नकाशावर चढवीन. ऐकीव नाही, दिसलेली. हात काढलात तरी चालेल आता."

तिनं हात काढला. तो कोपरा आपोआप गुंडाळत आला आणि पश्चिमेचं सगळं अंग त्याच्या पोटात गेलं.

*

घरी पडवीत नणंद लव्हाळा चिरत बसली होती. एकेक काडी दातात धरून नखानं उभी फाडायची, चिरलेली डाव्या हाताला टाकायची. पंधरा वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप केल्यापासून ती पाण्यात उतरत नव्हती, पण जीभ अजून कामावर होती.

"आलीस? काय म्हणाला तुझा नकाशेवाला?"

"म्हणाला, अक्षर सुंदर आहे."

तिनं सगळं सांगितलं. नणंदेनं हातातली काडी पूर्ण चिरली, मगच तोंड उघडलं.

"तरी मी सांगत होते. पूर्वी काय करायचो आपण? घरट्याभोवतीच्या चार पात्यांचे शेंडे एकत्र घेऊन गाठ मारायची. ज्याच्या हातात विळा, त्यालाच ती दिसायची. बाकीच्यांना गवत. तुम्हाला काठ्या हव्या झाल्या. तांबडं फडकं हवं झालं. अगं, गाठ ही घरातली गोष्ट. काठी म्हणजे दारावरची पाटी, ती चोरालाही वाचता येते."

"वन्सं, आता नको."

"मग कधी? भरणी झाल्यावर?"

नणंदेचं बरोबर होतं. गेल्या साली कचेरीतून तांबड्या कापडाचा तागा आला, डोक्यावर घालायला टोप्या आल्या, शाबासकीचा कागद आला, आणि गाठी मागं पडल्या. तिनंच पाडल्या. मंडळींत ती पुढं, तिचा शब्द सगळ्यांनी मानला. जाळी लावणाऱ्यांना त्यांनी हाकललं होतं, फासे उपटले होते, उन्हाच्या दुपारी आळीपाळीनं काठावर बसून काढल्या होत्या. आणि आता हे. आपल्याच विहिणीनं आपल्याच वरातीत आपलाच शालू नेसून मिरवावं, तसं.

दुपारी नवरा जेवायला आला. तो भरणीच्या ठेकेदाराच्या टिपरवर ड्रायव्हर. भुवयांवर दगडाची भुकटी, त्यामुळं चाळिशीतच म्हातारा दिसायचा. दोन घास झाल्यावर ताटाकडे बघतच म्हणाला, "पश्चिमेच्या खेपा लागल्यात मला."

तिचा वाढता हात थांबला. "शुक्रवारपासून ना?"

"गुरुवारी दोन गाड्या कडेला रिकाम्या करायच्यात. गाड्या वळायला जागा हवी, म्हणतो. मग शुक्रवारी ओळीनं."

"गुरुवारी साहेब येणार आहेत बघायला."

"म्हणूनच गुरुवारी," तो म्हणाला. "साहेब बघून जायच्या आत काम सुरू झालेलं असावं."

"आणि तुम्ही ओतणार?"

"मी कोण ओतणार? दांडी ओढली की हौदा वर जातो."

"दांडीवर हात कोणाचा असतो?"

तो जेवत राहिला. मग एकदम तापला. "तुझ्या चटयांवर चालतंय का घर? एका चटईला चार दिवस, आणि बाजारात लोक प्लास्टिकची घेतात. पाखरांना राखतेस, मला कोण राखणार?"

आतून नणंदेचा आवाज आला. "तुला त्या चटयांनीच राखलंय, बाळा. उन्हात वाळत घातलेल्या चटईवर झोपायचास, दुपट्यासकट. तेव्हा तुला टिपर कुठं चालवता येत होता?"

"ताई, तू मध्ये बोलू नकोस."

"मध्ये नाही बोलत. पहिल्यापासून बोलतेय."

ताट अर्धं टाकून तो उठला. तिनं ते उचललं नाही. माश्या बसू दिल्या.

*

मंगळवारी उजाडताच नणंद काठी टेकत पश्चिमेच्या काठाशी येऊन बसली. तिथं खडीचा रस्ता तळ्याच्या अगदी कडेनं जातो. रस्त्याची कड संपते तिथंच लव्हाळा सुरू होतो. बसायला चटई आणली होती तिनं, आपल्याच हातची.

"आता बोलू नका कोणी," ती म्हणाली.

भावजयीबरोबर तळं राखणाऱ्यांतली आणखी दोघं होती. एक नर्सबाई, दवाखान्यात रात्रपाळी करून थेट आलेली. दुसरे घंटामास्तर. ते मास्तर कधीच नव्हते, शाळेत शिपाई होते. तीस वर्षं घंटा दिली म्हणून हे नाव. निवृत्त होताना शाळेला नवी भोंग्याची घंटा आली आणि जुनी पितळी थाळी त्यांना बक्षीस मिळाली.

चौघंही गप्प. पाण्यावर ऊन तिरकं पडलेलं. मग लव्हाळ्यातून खोकल्यासारखा एक आवाज आला.

"ती बघ. पाणकोंबडी," नणंद म्हणाली. "चार पावलांवर, डावीकडं. बसलेली आहे, आवाज जागचा हलत नाही."

भावजय पाण्यात शिरली. तिसऱ्या पावलाला एक काळा पक्षी सरकन् निसटला. वाकवलेल्या पात्यांच्या गादीवर सहा अंडी होती, ठिपक्याठिपक्यांची.

"हातचं आहे का गं मला?" काठावरून नणंदेनं विचारलं.

"आहे. पाणी गुडघ्याएवढंच आहे."

"मग मी येते."

नर्सबाईंनी "अहो, गुडघे" म्हटलं. "गुडघे गेले चुलीत," म्हणत ती आलीच, एकीच्या खांद्यावर एक हात, दुसरीच्या खांद्यावर दुसरा. चार शेंडे एकत्र घेतले, बोटांनी वळसा दिला, आत ओढला. पंधरा वर्षांनी मारलेली गाठ, पण बोटं विसरली नव्हती. मारता मारता पुटपुटली:

*विळ्या दादा, थांब थांब, पुढं दिसते गाठ,*
*आत बसली बाळंतीण, सोड तिची वाट.*

"ही पहिली माझी," ती म्हणाली. "आता पुढच्या तुम्ही शोधा."

पुढच्या सोप्या नव्हत्या. आतला लव्हाळा डोक्याच्या वर होता आणि खाली चिखल मांडीपर्यंत ओढायचा. एक पाय काढायचा तर दुसरा जामीन ठेवावा लागायचा. पात्यांच्या धारा गालांवर, मानेवर, कोपरांवर. जळवा पोटऱ्यांना लागत. नर्सबाई मिठाची पुरचुंडी घेऊन फिरत होत्या, दर तासाला तिघं कोरड्या उंचवट्यावर येऊन पाय तपासत. उन्हानं पाणी वरून गरम आणि खालून गार. घंटामास्तर दोनदा तोंडावर पडले आणि दोन्ही वेळा आधी टोपी शोधली, मग चष्मा.

टिबुकली सगळ्यांत लबाड. एवढीशी बुडी मारणारी. घरटं म्हणजे कुजक्या शेवाळ्याचा तरंगता ढीग. माणसाची चाहूल लागली की ती चोचीनं ओलं शेवाळ ओढून अंडी झाकते आणि पाण्याखाली पसार होते. मागं उरतो कचरा. अशा कचऱ्याच्या प्रत्येक ढिगाखाली हात घालून बघायचं. दहातला एक गरम लागायचा.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत चार गाठी झाल्या. बुधवारी दुपारी आठ.

"साहेबाला काय कळतंय?" उंचवट्यावर टेकून घंटामास्तर म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "शेंडे वळायचे आणि गाठ मारायची. शंभर मारू. दीडशे मारू. तो काय प्रत्येकात हात घालणार आहे?"

"नाही," ती म्हणाली.

"अहो वहिनी, ते खोटेपणानं तळं खातायत, आपण खोटेपणानं वाचवू."

"त्यांनी आपल्या काठीचा खोटा अर्थ लावला, म्हणून हा राग आहे ना मला?" तिनं पोटरीची जळू उपटून फेकली. "आणि मी खोटी गाठ मारू? एक खोटी निघाली की सगळ्या खोट्या. मग वन्संचीही खोटी. त्यांची गाठ कोणी खोटी म्हणालं, तर मी कोणाचा तरी हात तोडीन."

नर्सबाईंनी घंटामास्तरांच्या पोटरीवर मीठ दाबलं. "मास्तर, शाळा सुटली नाही अजून. उठा."

बुधवारी सूर्य टेकला तेव्हा अकरा झाल्या होत्या. एक पाणकोंबडी, सात टिबुकल्या, तीन कमळपक्षी. साऱ्या पश्चिमेत अकरा. तिला वाटलं होतं जास्त निघतील. ती तशीच चिखलात उभी राहिली, मोजत. अकराच.

"उद्या तुम्ही साहेबांना होडीतून न्या," घंटामास्तर म्हणाले. "मी ताईंजवळ रस्त्याच्या कडेला बसतो. गाड्या आल्या तर घंटा देईन."

*

दहाला येणारे साहेब सव्वाअकराला आले. ठेकेदाराच्या गाडीतून आले. ठेकेदार गोरा, हसरा, हातात थंड पाण्याच्या दोन बाटल्या. एक साहेबांना दिली, दुसरी स्वतः उघडली.

"साहेब, बूट सांभाळा," तो म्हणाला. "यांच्या होडीला बूड आहे की नाही, देव जाणे."

होडी चपट्या तळाची, दोघांपुरती. साहेब मधल्या फळीवर बसले, नकाशाची गुंडाळी मांडीवर. ती मागं उभी राहून बांबू चिखलात रोवत होडी पुढं ढकलू लागली. पूर्वेच्या काठ्या, त्यांची तांबडी फडकी मागं पडली. मग लव्हाळा दोन्ही अंगांनी जवळ आला, काठ दिसेनासा झाला आणि साहेबांनी पाय आत ओढून घेतले.

"ही दुसरी गाठ," तिनं होडी थांबवली.

"मला गवत दिसतंय."

"चार शेंडे वळवलेत, ते बघा. त्याच्या खाली."

"कचरा आहे."

"हात घाला."

"बाई, मी पाहणी करतो. हात घालणं माझ्या कामात—"

तिनं वाकून त्यांचं मनगट धरलं. परक्या पुरुषाचं मनगट आपण धरलंय हे तिच्या ध्यानात आलं, तोवर हात शेवाळात गेला होता. साहेबांचा चेहरा आधी किळसला. मग थांबला.

"गरम आहे," ते म्हणाले.

"अंडी आहेत. आई आत्ताच झाकून गेलीय."

त्यांनी हात काढला, रुमालानं बोटं एकेक करून पुसली. पुढच्या गाठीला स्वतःच हात घातला. तिच्या पुढच्यालाही. कमळपक्ष्याची अंडी तर पानावर उघडीच होती, तांबूस, चकचकीत, त्यांच्यावर काळ्या शाईनं कोणी रेघोट्या ओढाव्यात तशी. ती त्यांनी बराच वेळ पाहिली. दहा गाठी झाल्यावर घड्याळ बघितलं.

"अकरावी रस्त्याच्या कडेला आहे," ती म्हणाली. "खरं तर पहिली. परत जाताना दाखवते. सहा अंडी. आता नकाशावर चढवा."

"कचेरीत जाऊन बघू."

"दिसली तर चढवीन म्हणाला होतात. दिसली."

"बघू म्हटलं ना. वरिष्ठांना विचारावं लागतं. चला, घ्या होडी."

तिनं बांबू दोन्ही हातांनी उचलला आणि होडीच्या टोकाजवळ चिखलात इतका खोल दाबला की तो होडीचा खुंटाच झाला. मग स्वतः पाण्यात उतरली. पाणी छातीला लागलं. दोरानं होडी बांबूला बांधली.

"हे काय चाललंय?"

"तुम्ही लिहा. मग होडी हलेल."

"सरकारी माणसाला अडवताय?"

"अडवत नाही. उतरा की. काठ त्या अंगाला आहे."

साहेबांनी पाण्याकडं पाहिलं, तिच्या छातीपर्यंत आलेल्या चिखलाकडं पाहिलं आणि खिशातून फोन काढला. ठेकेदाराशी बोलले. पलीकडचं हसू तिलाही ऐकू आलं. ती तशीच उभी राहिली. राग असा होता की पायांना लागणाऱ्या जळवाही कळत नव्हत्या. तिला आठवत होतं ते एवढंच: बाई, जरा हात ठेवा इथं.

बऱ्याच वेळानं लव्हाळा हलला. मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत भिजत नवरा आला. या पाण्यातली वाट ठेकेदाराच्या माणसांत त्यालाच ठाऊक होती.

"साहेबांना घेऊन यायला सांगितलंय," तो कोणाकडेच न बघता म्हणाला.

"गाडी?" तिनं विचारलं.

"रस्त्यावर उभी केलीय. भरलेली. दुसरी मागं आहे."

साहेबांना धीर आला. "अरे, सोड बाबा तो दोर. ने मला."

नवऱ्यानं दोराकडं पाहिलं. बायकोच्या गालावरच्या ओरखड्यांकडं पाहिलं. शेजारच्या गाठीकडं पाहिलं, आणि त्याचा हात आपोआप पुढं जाऊन त्या शेंड्यांना लागला, लहानपणी लागायचा तसा.

"माझं काम गाडी चालवायचं, साहेब," तो म्हणाला. "होडी हिची आहे."

आणि तो तिच्या शेजारी पाण्यात उभा राहिला. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, पण होडीचा एक काठ त्यानं धरला तेव्हा आपला हात काढून घेतला, जरा विसावा द्यायला.

साहेबांनी घाम पुसला. नकाशा मांडीवर उलगडला. पेन काढलं. पश्चिमेच्या कोऱ्या अंगात एकेक फुली पडू लागली. तिनं बोट दाखवायचं, त्यांनी फुली मारायची. खाली, जाताना बघायची अकरावी धरून, त्यांनी लिहायला घेतलं: *प्रत्यक्ष पाहणीत पश्चिम भागात अकरा*—

तेवढ्यात घंटा वाजली.

शाळेची जुनी पितळी घंटा, पाण्यावरून ठणठणत आली. सुटीची नव्हे, एकसारखी, थांबायला तयार नसलेली. मग टिपर मागं येताना वाजतो तो पीं पीं आवाज. आणि त्या दोन्हींच्या वर नणंदेचा आवाज, स्वच्छ, शेजारी बसून बोलावं इतका:

"हात काढ. हात काढ म्हणते. चटईसकट उचलून बाजूला ठेवतोस मला? पोतं आहे का मी? अरे, खाली बाळंतीण आहे, बघ तरी—"

नवरा पाण्यातच वळला. दोन पावलं गेला, तिसऱ्याला चिखलानं पाय धरला.

मग दगड कोसळले. एकदम नाही, आधी खडखड, मग धबाबा, मग शेवटचे काही, एकेक. सगळ्या तळ्यावरचे पक्षी उठले, पूर्वेचे, पश्चिमेचे, काठ्यांतले, गाठींतले, आणि क्षणभर होडीवर सावली फिरली. लाट लव्हाळ्यातून चालत आली. तिच्या गळ्याला लागली, नवऱ्याच्या लागली, होडीला लागून साहेब हलले.

घंटा थांबली होती, नणंदेच्या शिव्या मात्र काठावरून चालूच होत्या.

"कडेलाच ओततात," नवरा म्हणाला. "अगदी कडेला. मी तिथं थांबलो असतो, तर..."

ती साहेबांच्या पेनाकडं बघत होती. पेन 'अकरा' या शब्दावर थांबलं होतं.

"खोडा ते," ती म्हणाली.

"काय?"

"अकरा खोडा. दहा लिहा. खोटं लिहायचं नाही."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग उठलेल्या पक्ष्यांकडं. 'अकरा' खोडलं. 'दहा' लिहिलं.

"आता शेजारी लिहा, अकरावं कुठं गेलं. किती वाजले?"

"एक वाजून सात."

"ते लिहा. पाहणीसाहेब होडीत बसलेले असताना गेलं, हेही लिहा. सहा अंडी होती."

पाणी अजून हिंदकळत होतं. साहेब हलणारा नकाशा मांडीवर दाबून लिहीत राहिले. लिहून झालं तसं त्यांनी पेनाचं टोपण शोधलं.

"सही राहिली," ती म्हणाली. "माझ्या सहीच्या शेजारी करा. आणि अक्षर नीट काढा."